कुसुमच्या सात वह्या

२७ नोव्हें. १९५५, रविवार
सकाळच्या गाडीने तळेगाव. क्षयाच्या दवाखान्यात कुसुमला आता आठ महिने झाले. वजन तेवढंच. शाळेचं विचारत होती. सांगितलं, हेडमास्तरांनी चौथीच्या वर्गासाठी वाचनपेटी करायला सांगितलीय. बोर्डाची पुस्तकं भरली. सगळी थोर पुरुषांची. मुलं चित्रं बघतात, परत ठेवतात.
"अहो, त्यांत त्यांच्यासारखं कुणी आहे का?"
नाही म्हटलं.
"मग तुमच्या वर्गात कोण कोण आहे ते तरी सांगा."
सांगत बसलो. भेटीची वेळ संपली. घरी येऊन भात केला. लागला खाली. खाल्ला.

४ डिसें., रवि.
तिने कोऱ्या वह्या मागितल्या होत्या. सात नेल्या. दिवसभर पडून राहायचं, लिहिण्याला डॉक्टरांची ना नाही.

१८ डिसें., रवि.
सातही भरल्या! एकेका मुलावरून एकेक गोष्ट, नावं बदललेली. निर्वासितांच्या छावणीतल्या सिंधी मोहिनीसाठी पल्ला माशाची. तिच्या वडिलांच्या गावच्या नदीत तो असतो, हे मीच कधीतरी बोललो होतो. सायकलवाल्या रहमानभाईंच्या हसीनासाठी पंक्चर काढणाऱ्या मुलीची. गावातल्या धोंडूसाठी हरवलेल्या रेड्याची. त्यातला बाप 'व्हय', 'न्हाई' असंच बोलतो. छापील पुस्तकात असं कधी पाहिलं नाही.
डॉक्टर म्हणाले, चार दिवस उन्हात ठेवा, मग खुशाल द्या.

२३ डिसें.
उन्हात ठेवल्या. वह्या कुठून आल्या ते हेडमास्तरांना आधीच सांगितलं होतं. लपवायचं कशाला. दुपारी धोंडूचे वडील तुकारामभाऊ शाळेत आले.
"गुरुजी, वैनींबद्दल आमी वाईट बोलत न्हाई. पन दवाखान्यातली वही पोरांच्या हातात नगं."
हेडमास्तर खाली बघत होते. मी बरं म्हटलं. वह्या घरी आणून ट्रंकेत ठेवल्या. मग हात धुतले. साबणाने, दोनदा. म्हणजे मीही...
राग यायला हवा होता. नाही आला.

२५ डिसें., रवि.
"वाचल्या मुलांनी?"
"वाचल्या."
"मोहिनीला आवडली?"
"फार."
"काय म्हणाली?"
"छान आहे म्हणाली."
मग खिडकीकडे तोंड केलं. दमली असेल.

२ जाने. ५६
मोहिनीची गोष्ट दुसऱ्या वहीत उतरवायला घेतली. का, ते नीट सांगता येत नाही. खोटं बोललो म्हणून असेल. कुसुमचं अक्षर गोल, माझं फळ्यावरचं. रोज संध्याकाळी एवढंच काम. वेळ जातो.

११ जाने.
सातही उतरून झाल्या. आधी तुकारामभाऊंना गाठून दाखवल्या. माझ्या हातच्या आहेत, वहीही नवी.
"मंग चालंल की."
पेटीत ठेवल्या. हसीनाने पहिली उचलली. घंटा झाली तरी खाली ठेवेना.

१३ जाने.
पेटीपाशी ढकलाढकली. धोंडू मोठ्याने वाचत होता. 'न्हाई' आलं की वर्ग हसतो. तोही हसला, मग थांबून माझ्याकडे बघितलं.
"गुरुजी, ह्ये चुकीचं लिवलंय ना?"
"नाही. बरोबर आहे."
तीच ओळ पुन्हा वाचली. या वेळी कुणी हसलं नाही.
मधल्या सुट्टीत मोहिनी वही घेऊन आली. एरवी वर्गात तोंड उघडत नाही. "गुरुजी, हे खोटं आहे. पल्ला पाण्याबरोबर नाही जात. उलटा जातो, वरती. बाबा बोलतात." समासात मासा काढलाय, त्याच्या तोंडापुढे वर जाणारा बाण.
आनंद व्हायला हवा होता. थोडा झाला असावा.

१५ जाने., रवि.
कुसुमला सांगितलं. उठून बसली. "उलटा जातो? मला मेलीला काय माहीत!" हसली, मग खोकला. खोकला थांबल्यावर म्हणाली, "म्हणजे आत्ता वाचली तिने."
मी पाण्याचं भांडं पुढे केलं.
"पुढच्या रविवारी ती वही आणा. दुरुस्त करू. आणि मुलांच्या हातचे डाग बघू द्या मला."
निघताना डॉक्टरांनी बाजूला घेतलं. डावं फुप्फुस. ऑपरेशन करावं असं त्यांचं मत. धोका आहे. न करण्यातही आहे. तिच्याशी बोलून ठरवा म्हणाले, सहीचा कागद दिला.

२१ जाने.
ट्रंक उघडली. तिची मूळ वही नवी करकरीत. डाग पाडता येतील, तेलाचे, शाईचे. बोट दौतीत बुडवलंसुद्धा. पुसलं. ट्रंक लावून टाकली.

२२ जाने., रवि.
मुलांचीच वही नेली. पिशवीतून काढून पुढे केली तर तिने हात पदराखाली घेतले.
"माझ्या हातात नको. उद्या पेटीत जायचीय ना ती? तुम्हीच धरा."
म्हणजे अक्षर तिने लांबूनच ओळखलं. की आधीपासूनच...
खाटेपासून जरा लांब स्टूल घेऊन बसलो, वही तिच्याकडे उघडी धरली. पहिल्या पानावर तेलकट अंगठा. तो बघत राहिली.
"सातही उतरल्या?"
"हो."
"हात दुखले असतील."
मोहिनीचा बाण आला तेव्हा हसली, आवाज न करता. दुरुस्ती सांगत गेली, मी पेन्सिलीने लिहीत गेलो. मग म्हणाली, "इथे एक ओळ गाळलीत." तीही घातली. दंड भरून आले होते. ते जाणवत होतं. बऱ्याच महिन्यांत असं काही जाणवलं नव्हतं.
ऑपरेशनचं काढलं. कागद खिशात आहे म्हणालो.
"गोष्ट संपू दे आधी," म्हणाली. "पान उलटा."
उलटलं.