ट्रेमधल्या एकेचाळीस अळ्या

२ मे
डाव्या डोळ्यातला मोतीबिंदूही गेला. सगळं लख्ख दिसतंय. क्लेमच्या कानातले केससुद्धा — एकोणचाळीस वर्षांच्या संसारात हेच सुख राहिलं होतं.

११ मे
पुलाखाली ओढ्यातली मोजणी. स्वच्छ पाण्यातच जगणाऱ्या मेफ्लाय माशीच्या अळ्या — एकेचाळीस.
मागच्या मे महिन्यात दोनशे बारा होत्या! तीच जागा, तीच जाळी. तीन मिनिटं बुटाने तळ ढवळला, जाळीत आलं ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं. फरक एवढाच, की सहा वर्षांनी मी स्वतः मोजलं. डोळे अधू झाल्यापासून क्लेम मोजायचा, मी आकडा लिहायचे.
तो म्हणाला, थंडी लांबलीय, येतील उशिरा. आणि चहा टाकायला पळाला.

१२ मे
पुन्हा ढवळलं. अडतीस.
या अळ्यांच्या माश्या होतात, माश्यांवर ट्राउट मासा जगतो, ट्राउटवर आमचा गळवाल्यांचा क्लब, आणि क्लबवर सेक्रेटरी लँगलीचं पोट. त्याला फोन केला. म्हणाला, मिसेस पॅजेट, नव्या डोळ्यांची सवय व्हायला वेळ लागतो. गाढव.

१५ मे
सापडला गुन्हेगार. ओढ्याच्या वरच्या अंगाला राहणारा टल. हिवाळ्यात बदकांसाठी तळं खणलं, गाळ सगळा ओढ्यात. वर्षभरात दुसरं बदललंय काय? शनिवारच्या सभेत त्याला उभा सोलणार. चार पानी भाषण लिहून क्लेमला ऐकवलं. त्याने जेवणानंतरचं गोड, रुबार्ब क्रम्बल, तसंच ठेवलं. हा माणूस तापातसुद्धा क्रम्बल सोडत नाही.

१७ मे
पोस्टात टल भेटला. डोळ्यांची चौकशी केली, बदकाची सहा अंडी दिली. घेतली. अंड्यांचा काय दोष? भाषणातला शब्दही बदलणार नाही.

१८ मे
सभेला निघाले तर क्लेम दारात आडवा.
"टलचं नाव घेऊ नकोस. दोनशे बारा नव्हत्याच. सत्तर होत्या."
वर्षानुवर्षं आकडे वाढवून सांगत होता. पहिल्या वर्षी त्याने खरा आकडा सांगितला, तेव्हा मी ट्रेपाशी बसून रडले होते. पुढे त्याला सांगवेना. म्हणजे ओढा दरवर्षी ओसाड होत होता आणि मी मजेत बेरजा मांडत होते. छत्री फेकून मारली. लागली नाही.

१९ मे
काल सभेत सगळं कबूल केलं. लँगलीने कपाटातून एक कागद काढला. तीन वर्षांपूर्वी वरच्या नव्या वसाहतीचं सांडपाणी ओढ्यात सोडायला परवानगी मिळाली, ती आमच्या मोजणीच्या अहवालावर. 'ओढा ठणठणीत आहे.' खाली सही माझी.