आईच्या नावाची खाट

धुळे, १२ मार्च १९९१

अभिमन,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी तुझ्या अक्काचं ऐक.

आमचं हे धर्मादाय हॉस्पिटल लोकांनी दिलेल्या खाटांवर उभं राहिलं. आता त्याला मेडिकल कॉलेजही जोडलंय. घरातल्या गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ एक खाट द्यायची, अशी इथली पद्धत. तू जळगावहून खाट दिलीस आणि तिच्यावर लिहून घेतलंस, ‘कै. भिकुबाई’. त्या दिवशी आई गावी, कापडण्याला, शेतात कापूस वेचत होती! सहा वर्षं तू तिचं तोंड पाहिलं नाहीस, म्हणून ती मेली का रे?

गेल्या आठवड्यात तिला मलेरिया झाला. मी इथली नर्स, तरी माझ्या वॉर्डात रिकामी तेवढी एकच खाट होती. शेजारच्या बाईने नाव मोठ्याने वाचलं आणि सगळा वॉर्ड आईकडे वळून बघायला लागला. मी ब्लेड घेऊन ‘कै.’ खरवडायला लागले, तर आईने माझा हात धरला.

“ऱ्हाऊ दे वं. चार लोकेस्मा पोऱ्याना शब्द खोटा पडी जाई.” चार लोकांत तू खोटा पडू नयेस, एवढीच तिला काळजी!

काल ती बरी होऊन आपल्या पायांनी निघाली. जाताना खाटेच्या दांडीवरून हात फिरवत म्हणाली, “भक्कम खाट दिन्ही मन्हा पोऱ्यानी.”

तुला काही कळवायचं नाही, अशी शपथ तिने घातलीय. म्हणून हे पत्र टाकत नाही. तुला भिऊन नव्हे. अर्धवट खरवडलेलं ‘कै.’ मीच परत रंगवलं.

आशीर्वाद राहिला. तो कापडण्याला जाऊन घे.

प्रमिलाअक्का