खुर्चीतलं खुर्चीत

सोमवार, ४ मार्च

पहिल्याच दिवशी मेकअपच्या स्पंजांचा डबा घरी विसरले! टॅक्सीने परत जाऊन आणला. सेटवर पोचले तर कप्तान म्हणते, 'ही एक दिवस स्वतःचं डोकं घरी ठेवून येणार.' सगळे हसले. मीही हसले. खरं तर तिला इथे मॅडम म्हणायचं असतं, दिग्दर्शिका आहे ती. माझ्या तोंडून मात्र कॉलेजच्या टीममधलं 'कप्तान'च निघतं. ती चालवून घेते. मला निम्मी कामं तिच्यामुळेच मिळतात, तेव्हा मीही तिचं बरंच चालवून घेते.

सिनेमा दोन मैत्रिणींचा आहे. एक दुसरीच्या घरी राहायला येते आणि गोडीगुलाबीने तिचं एकेक माणूस तोडत जाते. शेवटी त्या बिचारीला स्वतःच्या मनाचाही भरवसा उरत नाही. पटकथा वाचून मी उठून दाराची कडी तपासली होती. गोड बोलणारी मैत्रीण एक मुरलेली नटी करतेय. बिचारीच्या कामाला अगदी कोरी मुलगी घेतलीय. पहिलाच सिनेमा, म्हणून सेटवर तिचं नावच 'नवी' पडलंय.

या नवीच्या डोळ्यांखाली मला रोज थोडी थोडी काळजी रंगवायची आहे. आधी नुसती सावली, मग खड्डे, कथा पुढे सरकेल तशी. मजेचं काम आहे.

बुधवार, ६ मार्च

नवी बडबडी आहे. खुर्चीत बसून डोळे मिटले की सुरू! मेकअपच्या खुर्चीचं असंच असतं. पहाटे उठून आलेली माणसं, डोळे बंद, कुणीतरी हलक्या हाताने तोंडावरून स्पंज फिरवतंय — अर्धवट झोपेत काय काय बोलून जातात. उठली की त्यांचं त्यांनाच आठवत नाही. माझे गुरू मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, खुर्चीतलं खुर्चीत. कितीजणींची गुपितं बरोबर घेऊन गेले ते.

नवी एका नर्सबरोबर राहते. शाळेपासूनची मैत्रीण. दर दोन वाक्यांनी 'माझी नर्स म्हणते'. आज ती नर्स नवीचा विसरलेला चष्मा द्यायला सेटवर आली होती. कप्तानशीही उभ्या उभ्या बोलली. नीटनेटकी, मोजकं बोलणारी. जाताना नवीच्या शर्टाची कॉलर सरळ करून गेली.

शुक्रवार, ८ मार्च

दुपारी कप्तानच्या टेबलावर जेवले. ती वैतागलेली. म्हणाली, नवी कॅमेऱ्यासमोर आली की शाळेच्या नाटकात उभी राहिल्यासारखी करते, आत काही हलतच नाही. मग हळूच विचारलं, 'तुझ्या खुर्चीत काय बोलते गं ती?'

सांगितलं. इतकंच, की नवी दिवा लावून झोपते. लहानपणी आतेभावाने चेष्टेत अडगळीच्या खोलीत कोंडलं होतं तिला, आणि स्वतः विसरून खेळायला गेला होता. गंमत म्हणून सांगितलं.

गंमत म्हणून नाही. कप्तान हातातला घास तसाच ठेवून ऐकत होती. तिने असं ऐकलं की मला फार बरं वाटतं.

सोमवार, ११ मार्च

आज बेडरूमचा प्रसंग. पटकथेप्रमाणे दोघी भांडतात आणि मैत्रीण खोलीबाहेर जाते, एवढंच. कप्तानने खूण केली आणि दिवे गेले. खिडकीबाहेरचा एक मिणमिणता दिवा कॅमेऱ्यापुरता ठेवलेला. बाहेरून कडी लावल्याचा आवाज. नवीच्या घशातून जे निघालं ते रडणं नव्हतं, ओरडणंही नव्हतं. तिला वाटलं असेल आता 'कट' म्हणतील. कुणी म्हणेना. दार उघडलं तेव्हा ती कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, मी केलेला सगळा मेकअप गालावरून हनुवटीपर्यंत आलेला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

नंतर खुर्चीत तिचं तोंड पुसत होते. ती म्हणाली, 'ताई, हे फक्त माझ्या नर्सला माहिती आहे. त्या दिवशी मॅडमशी बोलत होती ना ती?'

मला सांगितलेलं तिला आठवतच नव्हतं! त्याच क्षणी बोलायला हवं होतं. एक वाक्य. मी म्हणाले, 'डोळे मीट, पापणीला लागेल.'

मंगळवार, १२ मार्च

आजही बोलले नाही. भित्री कुठली.

गुरुवार, १४ मार्च

कप्तानला स्पष्ट सांगितलं, यापुढे खुर्चीतलं एक अक्षर बाहेर काढणार नाही. मला वाटलं चिडेल. ती नुसतं 'बरं' म्हणाली. दुपारी तिच्या टेबलावर माझ्या जागी कपडेवाली बसली होती. दोघींचं खिदळणं पार मेकअपच्या व्हॅनपर्यंत ऐकू येत होतं. मी व्हॅनच्या पायरीवर बसून जेवले. केस पिकायला लागले, आणि कुणी शेजारी बसवलं नाही म्हणून डोळ्यांत पाणी! लाज वाटते लिहायला.

रविवार, १७ मार्च

सुट्टी. सकाळी दार वाजलं तर कप्तान, हातात केकचा खोका. आत आली, चपला भिरकावल्या, कॉलेजात टाकायची तसे माझ्या मांडीवर पाय टाकून सोफ्यावर पसरली. माझं चुकलं, म्हणाली. तुला गृहीत धरते मी, म्हणाली. ऐकून मी विरघळलेच. मग बोलता बोलता सिनेमावर आली. शेवटाकडचा मोठा प्रसंग जमत नाहीये, तो पडला तर सिनेमा पडला, आणि पुन्हा कोण पैसे लावणार तिच्यावर? 'तुला माणसं कळतात. मला नाही कळत,' म्हणाली.

मला माहीत होतं ती काय करतेय. हे लिहून ठेवते, उद्या मीच स्वतःला फसवायला नको. पक्कं माहीत होतं, तरी सांगितलं.

पहिल्याच आठवड्यात नवी झोपेच्या भरात बोलून गेली होती. एका पार्टीत असताना वडिलांचा फोन आला. तिने नाव बघितलं आणि फोन टेबलावर उलटा ठेवला. पुढचा फोन आला तो हॉस्पिटलातून.

कप्तानने केकचा मोठा तुकडा कापून दिला. मी खाल्ला.

बुधवार, २० मार्च

केला तिने तो प्रसंग. टेबलावर फोन वाजतो, त्यावर 'बाबा'. नवीच्या हातात दिलेल्या कागदांत हे नव्हतंच. ती फोनकडे बघत राहिली. मग हात पुढे केला, उचलायला, आणि फोन वाजायचा थांबला. कप्तानने तो पुन्हा वाजवायला लावला. पुन्हा थांबवला. पुन्हा.

लाइटवाला उठून बाहेर गेला. मी गेले नाही. माझ्या हातात पावडरचा पफ होता, तो मी धरून उभी होते.

गुरुवार, २१ मार्च

नवीने नर्सला घराबाहेर काढलं. काल घरी गेल्या गेल्या तिची बॅग भरून जिन्यात ठेवली. नर्स शपथा घेत होती, म्हणे. दाराबाहेर कितीतरी वेळ उभी होती, म्हणे. 'शाळेपासूनची मैत्रीण, ताई. हिने माझे बाबा विकले.'

आज डोळ्यांखाली रंग लावावाच लागला नाही. खड्डे आयतेच आले होते. उलट थोडे झाकावे लागले, कथेच्या पुढे गेले होते. मी! मी ते स्पंजाने झाकले आणि कालच्या प्रसंगाच्या फोटोशी जुळतात का ते पाहिलं. जुळले.

शनिवार, २३ मार्च

घास उतरत नाही. आरशात बघवत नाही, आणि कामच आरशासमोरचं.

नवी आता मला 'तू' म्हणते. जेवायला माझ्याजवळ बसते. कोणता शर्ट घालू, आईला फोन करू का, सगळं मला विचारते. नर्सचा नंबर तिने ब्लॉक करून टाकलाय. काल माझा हात धरून म्हणाली, ताई, आता तूच आहेस. सोमवारी सांगायचंच. मग तिने थोबाडीत मारली तरी चालेल. मारलीच पाहिजे.

सोमवार, २५ मार्च

सांगितलं!

डोळे उघडे ठेवून बस म्हटलं, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि सगळं सांगितलं. नर्सने नाही, मी. अंधाराचंही मीच आणि बाबांचंही मीच. तू झोपेत बोललीस, मी कप्तानला जाऊन सांगितलं, आणि नंतर तोंड शिवून बसले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा असा मऊ झाला की मला कळेना काय होतंय. उठून तिने मला मिठी मारली.

'मी तुला हे कधी सांगितलंच नाही, ताई. तुला कुठून कळणार?' म्हणाली. 'मॅडम म्हणाल्याच होत्या. ताईचं मन फार हळवं आहे, तुझं नि नर्सचं पुन्हा जुळावं म्हणून एक दिवस सगळं स्वतःवर घेईल. बघ, घेतलंसच.'

मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले. आतेभाऊ, पार्टी, उलटा ठेवलेला फोन. पण नर्सला काढल्यापासून नवीनेच रडत रडत सांगितल्यामुळे आता हे सगळं सेटवर सगळ्यांनाच माहीत आहे! मी जेवढं ओरडून सांगावं तेवढी ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. खरं बोलून खोटी पडले, आणि वर देवमाणूस ठरले.

मंगळवार, २६ मार्च

कप्तानला गाठलं. सफरचंद खात होती. मी नाही नाही ते बोलले. तिने शांतपणे ऐकून घेतलं, फोड पुढे केली. म्हणाली, 'तू सांगणार हे मला ठाऊक होतं. तुझ्या पोटात काही राहतं का? तेवढ्यापायी माझा सिनेमा मध्येच कसा सोडू द्यायचा तिला?'

मी म्हटलं, नर्सचं काय? ती म्हणाली, नर्सला दुसऱ्या मैत्रिणी मिळतील. मग माझ्याकडे बघून, अगदी मायेने, 'आणि तुझं काही वाईट झालंय का? एकटी राहत होतीस. आता कुणीतरी ताई म्हणून मागे-मागे फिरतंय.'

फोड घेतली नाही. तेवढी तरी नाही घेतली.

गुरुवार, २८ मार्च

आज काम लवकर सुटलं, तशीच नर्सच्या हॉस्पिटलात गेले. तिला वॉर्डबाहेरच्या बाकावर बसवून सगळं सांगितलं. तिने लगेच विश्वास ठेवला. रागावेल म्हणून मी अंग चोरून बसले होते. तिने एवढंच विचारलं, 'झोपते का ती?'

नवीने हिचा नंबर ब्लॉक केलाय, म्हणून असं ठरवलं: रविवारी सकाळी ती माझ्या फोनवर फोन करेल. मी काही बोलायचं नाही. फोन नुसता नवीच्या कानाला लावायचा. 'माझा आवाज ऐकला की तिला कळेल, ताई. तेवढंच करा.'

करेन म्हटलं. येताना रस्ताभर रडले, पण कितीतरी दिवसांनी श्वास नीट आला.

शनिवार, ३० मार्च

काल शूटिंग संपलं. रिकाम्या घरात जाववत नाही म्हणून नवी थोडे दिवस माझ्याकडे आलीय. बाहेरची खोली दिली, दिवा चालू ठेवला. सकाळी उठले तर ओट्यावर दोन कप! तिने चहा करून ठेवला होता. माझ्या ओट्यावर दोन कप किती वर्षांनी दिसले. दिवसभर घरात कुणीतरी गुणगुणत होतं, कपाटं उघडून काय कुठे असतं ते विचारत होतं. माझे मळलेले ब्रश तिने धुऊन ओळीने वाळत घातले. 'तुझ्याकडे किती शांत वाटतं, ताई,' म्हणाली.

उद्या फोन येईल. मग ती जाईल. जायलाच हवी.

रविवार, ३१ मार्च

नर्सचा फोन आला. नवी समोरच सोफ्यावर होती. मी फोन घेऊन बाल्कनीत गेले, दार ओढून घेतलं आणि म्हणाले, तिला एवढ्यात नको, तुझं नाव काढलं तरी रडते, पुन्हा फोन करू नकोस, मीच कळवेन. आत आले तर नवीने विचारलं, कुणाचा होता गं? कुणाचा नाही, म्हटलं, आणि दोघींचा चहा टाकला. हे करायला मला कप्तानने सांगितलं नव्हतं.