दाविदाचं लेकरू

सावदा, मंगळवार

आबांना सिलासचा सलाम.

धुळ्यात देवपूरच्या चर्चमध्ये साऱ्या मंडळीसमोर तुम्ही म्हणालात, सिलासनं विश्वासाबाहेर लग्न करून देवाची आज्ञा मोडली, त्याचं फळ त्याला मिळेल. तेव्हा मी हसलो होतो. आता इथं केळीच्या वॅगनी भरतो. केळीचा चीक कपड्यावरून जन्मात निघत नाही बघा. ते असो.

बाळाचा ताप उतरत नाही. दूधही ओढत नाही. डॉक्टर म्हणाले, धुळ्याला न्या. दावीद राजानं पाप केलं आणि त्याचं लेकरू मेलं, हे तुम्हीच बायबल उघडून मला मांडीवर घेऊन सांगायचात. आबा, आज्ञा मी मोडली, बाळानं नाही. देवाला एवढं सांगा. तुमचं तो ऐकतो.

हे पत्र टपालात टाकत नाही, तुमच्या हातीच देईन. ते पोचेपर्यंत बाळ थांबेल असं वाटत नाही. दुपारच्या गाडीनं आम्हीच निघतो. मला दारात उभं ठेवा, पण वच्छलाला आणि बाळाला आत घ्या.

दाविदाची गोष्ट मी वच्छलाला सांगून बसलो. ती बौद्ध घरची. बाळाला छातीशी धरून म्हणाली, "तुमना देव एवढुशा पोऱ्यावर राग काढस का?" ती तुम्हालाही विचारील. आबा, तुम्हाला ठाऊक नसलं तरी तिला 'नाही' म्हणा.

तुम्ही नाव टाकलंत तरी तुमचाच मुलगा,
सिलास