क्राउएन म्हणजे रेटणे

४ मार्च
माझ्या हातानं केलेलं: पवनचक्कीच्या जिन्याच्या सगळ्या पायऱ्या, ब्रेकचे लाकडी ठोकळे, दोन्ही दारं आणि ‘क्राउएन’ या डच क्रियापदाचा पूर्ण वंश. शेवटच्याला वीस वर्षं लागली. कॉलेजात गेलो नाही, म्हणून कुणी विचारत नाही.

पाती कुजलीत. पानगळीपासून चक्की नुसती उभी. टूर बोटींवाला क्वाकेल नव्या पात्यांचे पैसे द्यायला तयार आहे. फक्त धक्क्यावर पाटी त्याची: पात्यांचा क्रूस दिसतो, क्रूस म्हणजे ‘क्राउस’, म्हणून चक्कीचं तोंड वाऱ्याकडे फिरवणं ते ‘क्राउएन’.

कुठून आणतात!

६ मार्च
क्वाकेलला समजावलं. जुना शब्द ‘क्रूडेन’ – रेटणे, ढकलणे. एकचाकी हातगाडीचं नाव त्यातूनच. नदीतला बर्फ एकमेकांवर चढतो, तिथंही हेच क्रियापद. म्हणाला, “साहेब, लोक दहा मिनिटं थांबतात. त्यांना क्रूस कळतो. वंशावळ नाही.”

७ मार्च
नेलेके दिवसभर मागे. “एक वाक्य सोड की रे. चक्की फिरेल.”
“वाक्य चूक आहे.”
“मग बस तुझं बरोबर वाक्य घेऊन, कुजलेल्या पात्यांखाली.”
बायकोशी वाद नको. वाटाण्याचं सूप गुपचूप प्यालो.

११ मार्च
क्वाकेल आला. कॉफी, एक बिस्किट. मग त्याला चक्कीमागच्या चाकाला जुंपलं – आरे हातानं ओढ, पायानं दाब, छाती लाव. चक्कीचं डोकं वीतभर सरकलं. हा टोमॅटोसारखा लाल. “अहो, हे तर नुसतं रेटणं आहे!”
“झालं, पटलं,” नेलेके हसली.

पटून काय उपयोग? घाम हा पुरावा नव्हे, पुरावा जुन्या कागदांत आहे. तेही ऐकवलं त्याला. नेलेकेनं कपाळाला हात लावला.

१२ मार्च
क्वाकेलचा फोन. पाटीवर माझं वाक्य, स्वल्पविरामासकट. नेलेकेनं सफरचंदाचा केक केला. दोन तुकडे खाल्ले.

१४ मार्च
क्वाकेल करार घेऊन आला. पाटी माझी, चारही पाती नवी. आणि चक्की वाऱ्याकडे वळवायला विजेची मोटर, बोटींच्या वेळेला बटण दाबायचं. रेटायला माणूस नको.
नाही म्हणालो. नव्वद हजार युरोंना.