निकिताच्या वाट्याचं बोलणं

अहिल्यानगर,
दि. ११ ऑगस्ट २०२५

ती. सविता आत्यास,
सुकन्याचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण आनंद, दुसरं काही नाही. फोनवरच सांगितलं असतं, पण तू कानाचं मशीन डब्यात ठेवून फोन घेतेस. मागं मी परीक्षा म्हणाले तर तू विचारलंस की रिक्षाला किती पडतात. तेव्हा पत्रच बरं. तुमच्या गावच्या रामहरीमामांचा टेम्पो गुरुवारी कांदा घेऊन इथल्या मार्केटला येतो, त्यांच्याच हाती देते.

तर नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला स्पर्धेसाठी गटानं एक विषय स्टेजवर मांडायचा होता. आमच्या गटात चौघं: मी, करण, मोनिका आणि माझ्याच खोलीत राहणारी निकिता. विषय होता ‘साप चावल्यावर काय करावं’. सुरुवात मी केली, करणनं सापांची चित्रं दाखवली. पुढं घरच्यांनी काय करायचं ते निकिता सांगणार होती. ती उभी राहिली आणि गप्पच! नुसती समोर बघत राहिली. सगळा हॉल ताटकळला, मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग मीच पुढं झाले, माईक घेतला आणि तिचे सगळे मुद्दे घडाघडा सांगून टाकले: घट्ट दोरी बांधू नका, जखम कापू नका, चावलेला हातपाय हलू देऊ नका, देवऋष्याकडं न जाता थेट दवाखाना गाठा. काय टाळ्या पडल्या गं! मॅडम म्हणाल्या की सुकन्यानं गट तारला. जिल्ह्याच्या फेरीला आमचीच निवड झालीय.

आता आपण कसं बोललो ते ज्यानं त्यानं स्वतःच लिहून द्यायचं आणि स्वतःला दहापैकी गुणही द्यायचे आहेत. मी नऊ दिलेत. निकिता मात्र तेव्हापासून घुम्यासारखी वागते. लाजली असेल बिचारी. मी तिला म्हणाले की होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस.

मामांच्या मोबाईलवर व्हिडिओ पाठवलाय. बघ आणि कौतुकाचं पत्र लिही. लोभ आहेच, त्यात शेंगदाण्याच्या लाडवांची भर पडावी.

तुझी,
सुकन्या


काष्टी,
दि. १७ ऑगस्ट २०२५

चि. सुकन्यास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. रिक्षाचं वाचून मी एकटीच लई हसले. स्वतःला नऊ दिलेस, मग एक कुणासाठी राखून ठेवलास गं?

इकडं सगळं ठीक. म्हैस व्याली, रेडी झाली. आमचे हे म्हणतात तिचं नाव सुकन्या ठेवू, जन्मल्यापासून गप्प म्हणून बसत न्हाई. मी अजून हो म्हटलं न्हाई. तुझा व्हिडिओ बाजाराच्या दिवशी सगळ्यांना दाखवला. शेजारच्या छबूबाईनं तर मीठ-मिरच्या आणून मोबाईलवरूनच ओवाळल्या, तुला दृष्ट लागू नये म्हणून.

पोरी, एक सांगू का? तुला ठाऊक हाय, कान गेल्यापासून मी माणसाच्या तोंडाकडं बघून बोलणं समजून घेते. व्हिडिओ मी आवाजाविनाच बघितला. तू छान दिसतीस, हातवारे छान करतीस. पण ती निळ्या ओढणीची पोर निकिताच ना? ती गप्प बसली नव्हती. ती श्वास गोळा करत हुती. तिचे ओठ उघडले, ‘माझा’ असं काहीतरी ती म्हणाली, आणि तेवढ्यात तू माईक घेतलास. तिनं तोंड मिटलं. पुढं तुला टाळ्या पडेपर्यंत ती आपल्या हातांकडंच बघत हुती. मी पुन्हा पुन्हा लावून बघितलं.

तिला काय सांगायचं हुतं, तू विचारलंस का? माझं चुकतही असंल. कान गेले तसे आता डोळेही फसवत असतील. पण विचारून बघ.

लाडू पाठवलेत. दोघींचे हायेत, एकटीनं संपवू नकोस. लोभ हाय म्हणून लिहिलं, वाचून तो कमी करू नकोस.

तुझी आत्या,
सविता


अहिल्यानगर,
दि. २१ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
न. वि. वि.

लाडू मिळाले. मामांना गेटवर थांबवून हे लिहितेय.

आत्या, तू तिथं नव्हतीस. हॉल कसा झाला होता ते व्हिडिओत दिसत नाही. मी मध्ये पडले नसते तर चौघांचं हसं झालं असतं. सगळ्या कॉलेजनं माझं कौतुक केलं आणि घरच्या माणसाला तेवढं दुसरीचं तोंड दिसलं. तू माझी आत्या आहेस की निकिताची?

रेडीला माझं नाव खुशाल ठेवा.

सुकन्या

ता. क. मीसुद्धा आवाज बंद करून बघितला.


काष्टी,
दि. २४ ऑगस्ट २०२५

चि. सुकन्यास,
आशीर्वाद, नेहमीपेक्षा एक जास्त.

तुझीच आत्या हाय म्हणून तुला लिहिलं. निकिताची असते तर सरळ नगरला येऊन तुझ्याशी भांडले असते.

ता. क. वाचली. त्याच्यापुढं मी काय सांगायचं? रेडीचं नाव तुळसा ठेवलंय, तुझं नाव तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे. राग दोन दिवसांत संपव आणि माया पुन्हा सुरू कर.

सविता


अहिल्यानगर,
दि. ३० ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सुकन्याचा शि. सा. न. वि. वि.

विचारलं. आधी इकडचं तिकडचं बोलत बसले, मग शेवटी विचारलं. निकिता चादरीच्या घड्या घालत होती, माझ्याकडं न बघताच तिनं सगळं सांगितलं.

तिचे आईवडील पाथर्डीकडचे. दरवर्षी ऊसतोडीला जातात. ती बारा वर्षांची असताना फडातच तिच्या धाकट्या भावाला, अंगदला, साप चावला. कुणी दोरी आणायला धावलं, कुणी म्हणालं की देवळात न्या. ही पोरगी तेवढ्यात उसाच्या ट्रॅक्टरपुढं जाऊन उभी राहिली आणि ड्रायव्हरला म्हणाली की आधी माझ्या भावाला दवाखान्यात न्या, नाहीतर मी हलत नाही. अंगद वाचला. नर्सिंगला यायचं तिनं त्याच दवाखान्यात ठरवलं. हे तिनं कॉलेजात कुणालाच सांगितलेलं नव्हतं. ऊसतोड्याची पोर म्हणून कुणी बोट दाखवू नये, एवढंच. त्या दिवशी मात्र सांगायचं असं ठरवून उभी राहिली होती आणि पहिला शब्द शोधत होती. तो सापडला आणि मी माईक घेतला. आत्या, तुला दिसला तो शब्द बरोबर होता. ‘माझा भाऊ’ एवढं तिच्या ओठावर आलं होतं.

मी माफी मागितली. तिनं फेरीला येणार नाही असं आधीच मॅडमना कळवलंय. मला म्हणाली की माझं बोलणं तू चांगलं बोलतेस, तूच बोल. तिचा आवाजही चढला नाही, त्यानंच जास्त लागलं. मी मॅडमकडं जाऊन माझं लिहिलेलं परत मागून घेतलं. गट तारला नव्हता, एकीचं तोंड बंद केलं होतं, असं नव्यानं लिहून दिलं. या वेळी गुणांची जागा मोकळीच ठेवली.

फेरी ९ सप्टेंबरला आहे. हे कळल्यावर निकिता विचार करते म्हणालीय. माझ्या वेंधळेपणासकट लोभ असू दे.

तुझी,
सुकन्या


अहिल्यानगर,
दि. ११ सप्टेंबर २०२५

ती. सविता आत्या यांस,
निकिताचा सा. न. वि. वि.

आपली भेट नाही, पण तुमचे लाडू मी खाल्लेत, त्यामुळं अगदीच परकी नाही. सुकन्या म्हणाली की या वेळचं पत्र तू लिही, मी लिहिलं तर सगळं माझंच येईल. व्हिडिओ बघून तुम्ही काय ओळखलंत ते तिनं मला सांगितलं. त्या भरल्या हॉलमध्ये माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं आणि तुम्हाला काष्टीत बसून दिसलं. दोन दिवस मला तेच आठवत होतं. मग मी फेरीला जायचं ठरवलं.

हॉल या वेळी मोठा होता. गावोगावच्या आशाताई आल्या होत्या, परीक्षक तिघे होते. माझं नाव आलं, मी उभी राहिले आणि पुन्हा तेच. पहिला शब्द सापडेना. करण खाकरला. मोनिकानं पाण्याची बाटली पुढं केली. खरं सांगायचं तर मला भीती फक्त सुकन्याची वाटत होती. मी हळूच तिच्याकडं बघितलं, तर ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, ओठ घट्ट मिटून, लाल तोंड करून बसलेली. तिला गप्प बसायला एवढी मेहनत पडताना मी कधी बघितलं नव्हतं. मला हसूच आलं आणि हसता हसता शब्द आला.

मग थांबले नाही. फड, ट्रॅक्टर, अंगद, माझी आई, सगळं आमच्याच बोलीत सांगितलं. आमी ऊसतोडीची माणसं हाय, असंच म्हणाले. एका परीक्षकांनी विचारलं की भाऊ आता काय करतो. मी म्हटलं की दहावीला हाय, सापातनं वाचला पण गणितातनं वाचंल असं वाटत न्हाई. सगळा हॉल हसला.

नंबर दुसरा आला. सुकन्या म्हणते की बक्षीस वाटताना तिच्या डोळ्यात धूळ गेली होती. खिडक्या तर सगळ्या बंद होत्या.

कार्यक्रम संपल्यावर मुक्ताबाई नावाच्या आशाताई माझा हात धरून उभ्या राहिल्या. दसऱ्यानंतर त्यांच्या गावची माणसं तोडीला निघतात. गाड्या भरायच्या आधी येऊन हेच सांगशील का, असं त्या विचारत होत्या. मी हो म्हटलं. सुकन्या लगेच म्हणाली की एकटी निकिताच बोलेल, मी नुसती सापांची चित्रं धरून उभी राहीन. तिचं हे नवं शहाणपण मी चालू दिलं नाही. गाड्या भरायच्या गडबडीत माणसं जमवायची म्हणजे खणखणीत आवाज लागतो आणि तो आमच्यात तिच्याकडंच आहे. तेव्हा सुरुवात तिनं करायची, सगळ्यांना बोलावून खाली बसवायचं, आणि मग माईक माझ्याकडं द्यायचा, असं ठरलंय.

तुम्हीही या. पुढं बसा, म्हणजे मला तुम्ही दिसाल. ओळख नवी आहे, तरी मायेत मला सुकन्याच्या बरोबरीनं धरावं.

आपली,
निकिता