हे बैल कुणाच्या हातचे

मी, खाली सही करणार मोतीलाल झिपरू चौधरी, वय वर्षे अडुसष्ट, राहणार रनाळे, तालुका नंदुरबार, जिल्हा धुळे, धंदा मिरचीच्या बाजारात लिलावाची बोली पुकारणे, हल्ली बंद, आज पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकायला माणसाला माझ्याशी बोलावे लागते, आणि गेल्या वर्षी माझा घसा गेल्यापासून लोक माझ्याशी पाटीवर लिहून बोलतात. मला ऐकू उत्तम येते, हे अजून कोणाच्या लक्षात आलेले नाही. मीही सांगितलेले नाही.

माझी अक्कल ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी कैलासवासी मंगलाबाई हयात असती तर तिने त्या दाखल्यावर हरकत घेतली असती.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात एक गोष्ट लिहायची राहिली होती, आणि ती मी मुद्दाम राहू दिली होती.

कलम पहिले. माझा पत्र्याचा कर्णा शेजारी करणसिंग यांना द्यावा. तीस वर्षे ते मला गावभर 'भोंगा' म्हणत आले. मी पहाटे घरात खोकलो तरी त्यांची गाय बिथरते आणि दूध चोरते, अशी त्यांची तक्रार असे. आता त्यांच्या कानांनी दगा दिला आहे आणि सुनेचे बोलणे ऐकू येत नाही म्हणून ते कष्टी असतात. कर्ण्याचे अरुंद तोंड कानाला लावावे, म्हणजे ऐकू येईल. सून काय बोलते ते कळल्यावर मात्र कर्णा परत घेतला जाणार नाही.

कलम दुसरे. लिलावात माझ्या डोक्याला असायचा तो लाल फेटा मोलगीकडच्या गोवालला द्यावा. गोवाल भोपळा आणि बांबू जोडून पावरी बनवतो आणि वाजवतोही. गिऱ्हाइकाने किंमत विचारली की हा लाजून डोळे मिटायचा आणि आणखी वाजवत बसायचा. लोक फुकटात ऐकून पुढे जायचे. शेवटी एका बाजारी मी त्याच्या डोक्यावर हा फेटा ठेवला आणि म्हटले, "आता तू गोवाल नाहीस, लिलाववाला मोतीलाल आहेस. गोवालच्या पावरीबद्दल मोतीलाल काय सांगेल ते सांग." त्याने असे काही सांगितले की मलाच एक पावरी घ्यावी लागली. मला ती वाजवता येत नाही. फेट्याबरोबर तीही त्यालाच परत करावी.

फेट्याचा हाच उपाय मी भिकुबाईवर करून पाहिला होता. तिने फेट्याची नीट घडी केली आणि बैलांखाली अंथरली.

कलम तिसरे. या कलमात कोणाला काही द्यायचे नाही, हकीकत सांगायची आहे. पुढची कलमे तिच्याशिवाय कळणार नाहीत.

भिकुबाई आमच्या रनाळ्याच्या कुंभारवाड्यातली, सणाबारशाला दिवे-पणत्या आणून देणारी म्हणून घरोघर ओळखीची. पोळ्याला पुजायचे मातीचे बैल करते. बैल सगळेच कुंभार करतात, पण तिचा बैल मान अशी वळवतो की जणू गोठ्यात कोणी आल्याचे त्याला आत्ताच कळले आहे. मी ते पहिल्यांदा पाहिले १९५१ साली, नंदुरबारच्या बाजारात. खरे तर पाहिले म्हणता येत नाही. तिने पुढे एक तिरपा, फेंगड्या पायांचा बैल ठेवला होता आणि बाकीचा माल गोणपाटाखाली झाकला होता. मी विचारले, "बैल कसा शे, बाई?"

"कसा शे म्हंजे? माटीना शे," ती खाली मान घालून म्हणाली. "तठे पल्याड देखा, भाऊ. रेवाबाईकडे चांगला शेतस."

गेल्या सालच्या मिरचीला ताजी म्हणण्यात माझा जन्म गेला. स्वतःचे गिऱ्हाईक शेजारणीकडे धाडणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. मी तिला न विचारता गोणपाट उचलले आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो. मला गप्प उभा पाहून दोन अडते काय झाले म्हणून विचारायला आले.

तिने नंतर समजावले, "चांगला बैल पुढे ठेवा तं नजर लागस. वाकडावर नजर पडी गयी म्हंजे बाकीना वाचतस." म्हणजे सगळी नजर फेंगड्या बैलावर जायची, आणि नजरेमागोमाग गिऱ्हाईकही जायचे. झाकलेल्या बैलांचीही तिने सोय केलेली होती. माती ओली असतानाच प्रत्येक चांगल्या बैलाच्या डाव्या कानाचे टोक ती नखाने तोडून टाकते, हाही नजरेवरचाच इलाज.

त्या दिवसापासून लिलाव आटोपला की मी तिच्या दुकानावर उभा राहू लागलो. पहिल्यांदा घरची खाट नेली आणि बैल जमिनीवरून खाटेवर मांडले. वस्तू बघायला माणसाला वाकावे लागले की तो घासाघीस करतो. मग मी तुटका कानच पुकारायला घेतला. "डावा कान बघा! कान तुटका तो रनाळ्याचा, शाबूत कानाचा घेऊ नका!" भिकुबाई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. जे तिने लपण्यासाठी केले ते मी बाजारभर सांगत सुटलो होतो. पण चार वर्षांनी शहाद्याची एक बाई बैल परत घेऊन आली, कारण त्याचा कान चुकून शाबूत राहिला होता. भाजलेल्या बैलाचा कान तोडायला भिकुबाई दगड शोधू लागली, तेव्हा मी तिचा हात धरला.

मी तिला शिकवायचा प्रयत्न केला. किंमत एकदाच सांगायची आणि गप्प बसायचे, हा माझ्या धंद्यातला मोठा धडा. त्यातला दुसरा अर्धा भाग तिला पहिल्याच दिवशी आला. पहिला अजून यायचा आहे.

तिला आवाज नाही असे मात्र कोणी समजू नये. एकदा बाजारात एक मोटार मागे येता येता रेवाबाईच्या मडक्यांवर चालली होती. रेवाबाई मीठ घ्यायला गेलेली. भिकुबाई ताडकन उठली. "ओ डायवर! थांब! रेवाबाईना मडका शेतस तठे!" मोटार थांबली. पलीकडे मिरचीच्या बाजारात माझा लिलावही थांबला. एका व्यापाऱ्याला ती बोली वाटली आणि तो आणखी चढला. गंमत म्हणजे त्याच मोटारीच्या दुसऱ्या चाकाखाली तिचे स्वतःचे बैल येत होते. त्यांच्याबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. हे मी तेव्हाच मनात नोंदवून ठेवले, आणि आज त्याचा उपयोग करणार आहे.

कलम चौथे. हे लिहायला मला तीन दिवस लागले.

१९५८ साली धुळ्याला हातकामाचे एक प्रदर्शन भरले होते. ते कोणी भरवले हे लिहीत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. मी भिकुबाईला आणि तिच्या बारा बैलांना घेऊन गेलो. मोठे साहेब आले, एक बैल हातात घेऊन खिडकीशी गेले आणि परत येऊन म्हणाले, "हे काम कुणाचे?" भिकुबाईने पदर तोंडावर ओढला आणि हाताने माझ्याकडे दाखवले. तिला म्हणायचे होते, यांना विचारा. कारकुनाने मला नाव विचारले आणि मी ते सांगितले, कारण नाव विचारले की सांगायची सवय. संध्याकाळी मानपत्र वाचले गेले, "श्री. मोतीलाल चौधरी, मूर्तिकार, रनाळे." गळ्यात हार पडला. हातात चांदीचे पदक आले.

तीनशे गाड्यांच्या गलक्यावरून ज्याचा आवाज जातो, त्याला त्या मंडपात एक वाक्य बोलता आले नाही. लिलावात एकवार, दोनवार, तीनवार झाले की माल गेला, मग बोली परत घेता येत नाही. तसेच हेही झाले, अशी मी मनाची समजूत घातली. पण ते खरे नाही. खरे असे की मला हार आवडला. जन्मभर दुसऱ्याच्या मालाचे गुण गाणाऱ्याला पहिल्यांदाच कोणी मूर्तिकार म्हटले होते. मला त्याची लाज वाटते, आणि अजूनही ते आठवले की थोडे बरे वाटते, त्याची जास्त लाज वाटते.

परतताना मोटारीत भिकुबाईच माझी समजूत काढत होती. "बरं झायं, भाऊ. मन्हा नावले नजर लागती. तुमना नावले कोन लावस?" ती हसली, मीही हसलो. घरी मंगलाबाई हसली नाही. मी भिंतीत खिळा ठोकत होतो, तेव्हा ती पदक हातात धरून उभी होती. म्हणाली, "तुमना हातले तं कोठे माटी दिसत नही." आणि पदक माझ्या हाती देऊन चुलीकडे गेली. त्यानंतर ती दोन वर्षे होती. घरातली प्रत्येक वस्तू ती पुसायची, पदक तेवढे पुसले नाही.

दर पोळ्याला मी ठरवायचो, या बाजारी खाटेवर उभे राहून सगळे सांगून टाकायचे. गेल्या पोळ्याला आवाजच गेला. त्या बाजारी मी नुसता उभा होतो. एका बाईने बैल उचलून विचारले, "कोन्ही करा ह्या बैल?" भिकुबाईने सवयीने माझ्याकडे पाहिले. मी तोंड उघडले, नुसती हवा आली. बाईने बैल खाली ठेवला. गाडी भरून गेली होती, तशीच भरून परत आली. बारा वर्षे मी तिच्या जागी बोलत राहिलो आणि गप्प बसायची तिची सवय मीच पक्की केली. मी गेल्यावर ते गोणपाट पुन्हा बाहेर येईल, याचे मला मरणापेक्षा जास्त भय वाटते.

कलम पाचवे. ते पदक, ते मानपत्र आणि ती खाट भिकुबाईला द्यावी. मी याद्वारे जाहीर करतो की मानपत्रावरचे नाव चुकीचे आहे. ते बैल भिकुबाईने केले. मी आयुष्यात चिखलाचा गोळाही धड केलेला नाही. या देण्याला अट कसलीही नाही. अट घातली तर ती सगळे सोडून देईल, पण बोलणार नाही. परवा साक्षीला माणूस हवा असे ऐकून ती अंगठा द्यायला निघाली होती. ज्याला मिळायचे त्याला साक्षीदार होता येत नाही, एवढेही मला तिला सांगता येईना. मी पाटीवर 'नको' लिहिले. तिला वाचता येत नाही, पण माझा चेहरा वाचून ती म्हणाली, "बराबर शे. मन्हा अंगठा काय कामना?"

कलम सहावे. पोस्टातली शिल्लक माझी मुलगी निर्मलाबाई हिला. राहते घर मुलगा हिंमतराव याला, अटीवर.

चि. हिंमतराव, तू धुळ्याला कचेरीत असतोस, हळू बोलतोस, आणि बाप बाजारात ओरडतो हे तू कचेरीत कोणाला सांगितले नाहीस. त्याचा मला राग नाही. पण पदकाचे मात्र तू सगळ्यांना सांगितलेस. दोन मित्रांना ते दाखवायला घरी आणलेस, तेव्हा तू माझ्याकडे जसे पाहिलेस तसे लहानपणापासून कधी पाहिले नव्हतेस. मी तेव्हाही गप्प बसलो. तुझ्या वडिलांना पदक नव्हते, बाळा. आवाज होता, आणि तो हवा तेव्हा वापरला नाही. मला माफ कर.

अट अशी. माझ्या मागे येणाऱ्या पहिल्या पोळ्याच्या आधीच्या बाजारी तू नंदुरबारला जावे. लाल फेटा त्या दिवसापुरता गोवालकडून मागून घ्यावा आणि डोक्याला बांधावा. खाटेवर भिकुबाईचे बैल मांडावेत, फेंगडा घरी ठेवावा. तिथे उभे राहून भिकुबाईला ऐकवावे की घर तुला तिच्या उत्तराशिवाय मिळणार नाही. स्वतःसाठी ती बोलणार नाही, हे मला माहीत आहे. तुझे अडले तर बोलेल. तुझ्या बारशाला पाळण्याखालचा दिवा तिने आणला होता. हा डाव आहे हे मला कबूल आहे. आयुष्यभर दुसऱ्याचा माल विकला, एक डाव स्वतःचा.

मग चांदीचे पदक वर धरावे आणि मोठ्याने, पोटातून, कचेरीतल्या आवाजात नव्हे, विचारावे, "हे बैल कुणाच्या हातचे?" रेवाबाईला उत्तर येते, सगळ्या बाजाराला येते. कोणीही देऊ नये. भिकुबाई इकडे तिकडे पाहील. माझी जागा रिकामी असेल, तिकडेही पाहील. पाहू द्यावे. घाई करू नये. ऊन झाले तर तिच्यावर छत्री धरावी.

एकवार म्हणावे. थांबावे. दोनवार म्हणावे. पुन्हा थांबावे. तीनवार म्हणू नये. बाजार उठला, गाड्या जुंपल्या गेल्या, तरी म्हणू नये. ती बोलेपर्यंत हा लिलाव बंद होत नाही.

हे सर्व मी लिहून, स्वतः वाचून, बरोबर असल्याची खात्री करून खाली सही केली आहे.

मुक्काम रनाळे, गुरुवार, दिनांक २० ऑगस्ट १९६४

सही: मोतीलाल झिपरू चौधरी (मूर्तिकार नव्हे)

साक्षीदार:
१. रतिलाल दोधू पाटील, राहणार रनाळे
२. गुलाबसिंग हिरासिंग गिरासे, राहणार रनाळे

वरील दोघांनी माझी सही माझ्यासमोर बसून पाहिली. मजकूर वाचून दाखवायला मला आवाज नव्हता, म्हणून तो रतिलाल यांनी वाचला. चौथ्या कलमाशी ते थांबले आणि पाणी प्याले.